पर्जन्यमापकावरचा कागद

पेणला कडक ऊन असते तेव्हा रोह्याच्या दक्षिणेकडच्या डोंगरात धो धो पाऊस असू शकतो. हे मला ठाऊक होते. तरीही पेणच्या खुर्चीत बसून, फोनवर विचारून, मी बातमीत ‘सर्वदूर पाऊस’ लिहीत आलो. सर्वदूर म्हणजे फोन लागतो तिथपर्यंत.

त्या डोंगरातल्या एका आदिवासी वाडीवर पर्जन्यमापक बसला. कुंपण झाले, फोटो झाला. निघताना यंत्र बसवायला आलेल्या साहेबांनी शेजारच्या घरातल्या बाईला बजावले, “नाजूक वस्तू आहे. खराब झाली तर जबाबदारी तुमची.”

जुलैत, बसल्या दिवसापासून, यंत्राकडून सलग दोन दिवस शून्याची नोंद आली. मी बातमी दिली : डोंगरात पावसाची दडी. मथळा चांगला जमला होता.

त्याच दोन दिवसांत पावसाने त्या बाईच्या घराची मागची मातीची भिंत पडली. तिने पंचनाम्यासाठी अर्ज केला. तलाठी वर निघाले, मीही सोबत गेलो. दडी मारलेला पाऊस अंगावर घेत.

“नोंद शून्य आहे, बाई,” घरात शिरताच तलाठी म्हणाले. “पाऊसच नाही, तर भिंत पावसाने कशी पडेल?”

त्यांच्या टोपीवरून पाणी ठिबकत होते. तर्कात मात्र खोट नव्हती.

“चला, मशीनच बगा,” ती म्हणाली. “कसा जपलाय.”

यंत्रावर निळा प्लास्टिकचा कागद होता. चारी बाजूंनी सुतळीने घट्ट आवळलेला.

“अहो, हे पाऊस मोजायचं यंत्र आहे!” तलाठी म्हणाले.

“मोजायचा हाय म्हनून भिजवायचा व्हय? बिघाडला असता तं तुमचे सायेब माज्याच नावानं बोंबलले असते ना?”

“एवढा कागद आणलात कुठून?” मी विचारले.

“मागच्या भिंतीवरचा काढला.”

तलाठ्यांनी वही उघडली, मिटली. मग पुन्हा उघडली. “नोंद मला बदलता येत नाही. भिंत पडण्याचं कारण काय लिहू? पाऊस लिहिता येत नाही.”

“मंग कागद लिवा, भाऊसाहेब.”

त्यांनी लिहिले : भिंत जुनी होती. यंत्र सुस्थितीत.

बाईने ते वाचून घेतले. मग सुतळी सोडली, कागद ओढून काढला आणि घरामागच्या भगदाडावर बांधला. यंत्र उघडे पडले आणि पहिल्यांदाच भिजले.

दुसऱ्या दिवशी नोंद आली. मी बातमी दिली : डोंगरात पाऊस परतला.