वीस मिनिटांचा लॅपटॉप

आमच्या वरच्या मजल्यावर काजवाल्या काकू राहतात. चाळीस वर्षं त्यांनी शिंप्यांना शर्टांची काजं करून दिली, डोळे त्यातच गेले. आता एका डोळ्याला निम्मं दिसतं, दुसरा नावापुरता. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर लेकाचा चेहरा ओळखू येत नाही, म्हणून त्याचाच कॉलेजातला जुना लॅपटॉप लागतो. लेक परदेशी. नऊ वर्षांत दोनदा आला, पण दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो.

आणि दर रविवारी विसाव्या मिनिटाला लॅपटॉप तापून बंद पडायचा.

"तब्येत, जेवणखाण, हवापाणी, एवढ्यातच वेळ संपतो रे," काकू मला म्हणाल्या. "त्याला ये म्हणायचंय. आता एकटीनं नाही निभत. पण असं एकदम कसं म्हणू? जरा बोलणं रंगायला हवं. एकदा पोटभर बोलायचंय मला."

मी दुरुस्तीवाला. माझ्याआधी एका दुकानदाराने त्यांच्या गळ्यात नवा चार्जर मारला होता. रोग रेड्याला नि औषध पखालीला! वर जाऊन बघतो तर लॅपटॉप उशीवर, दुखणेकऱ्यासारखा.

"काकू, त्याला खालून हवा लागते. तुम्ही तर नाकच दाबून धरलंय त्याचं!"

"अगं बाई! मला वाटलं, खरचटायला नको."

मागचं झाकण उघडलं. पंख्यात धूळ होतीच, शिवाय रंगीबेरंगी दोऱ्यांचे तंतू दाबून भरल्यासारखे. पातं बोटाने धरून हवा मारली, जाळी ब्रशने झाडली. चिपवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. ती पुसून नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. खाली रबरी पाय चिकटवले आणि तासभर सिनेमा लावून ठेवला. अंग जेमतेम कोमट. मी स्वतःवरच खूश झालो.

रविवारी काही अडलं तर असावा म्हणून काकूंनी मला बसवून घेतलं. लेक दिसला. तब्येत झाली, जेवणखाण झालं, हवापाणी झालं. मग काकूंनी जिन्यातल्या दिव्याचं सांगितलं, पाण्याच्या टाकीचं सांगितलं. तो "हं, हं" करत होता. वीस मिनिटं होऊन गेली. बावीस झाली. काकू खुर्चीत पुढे सरकल्या.

"अरे, मी काय म्हणत होते..."

तेवढ्यात तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "आई, आज बंद नाही पडला अजून?"

आवाजात राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

काकू पुन्हा मागे टेकल्या. "पडेल आता," म्हणाल्या, आणि हलक्या हाताने झाकण मिटलं.

"अहो काकू, बोलायचंत ना!" मी चरफडलो. "एवढं सगळं कशासाठी केलं मी?"

"कामं असतील रे त्याला."

मी ब्रश, स्क्रूड्रायव्हर पिशवीत भरायला लागलो. चांगल्या कामाची लाज मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटली. काकू झाकणावर हात ठेवून बसल्या होत्या.

"हे पुन्हा तापायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला हवं होतं. पण गिऱ्हाइकाला सांगायच्या सवयीने तोंडून निघून गेलं, "वर्षभर तरी काळजी नाही, काकू."