दोन तिरप्या रेघा

मला स्वस्थ बसता येत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. आई म्हणते, जेवतानासुद्धा माझा एक पाय चपलेत असतो. पण त्या हिवाळ्यात मी अशी काही अस्वस्थ झाले की माझं मलाच आवरेना. निमित्त होतं एका चेकचं.

बाबा गेल्यावर आमच्या सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव चढलं. शेत बोदलकसा तलावाच्या पाण्यावरचं, म्हणजे वर्षाला धानाची दोन पिकं. कसायचे मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ. निम्मं पीक त्यांचं, निम्मं आमचं. सरकारी खरेदीत विकलेल्या धानाचे पैसे खात्यातच येतात, म्हणून आम्हा दोघींची खाती उघडली. पावसाळी धानाचे पैसे माझ्या खात्यात, उन्हाळी धानाचे आईच्या. दोघींची चेकबुकं मात्र मोठेबाबांच्या घरी असायची. बँकेचं सगळं तेच बघायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, मलाही नाही.

ते चेकबुक घेऊन यायचे आणि म्हणायचे, "येथं सही मार." मी मारायची. खरं सांगायचं तर मला सही करायला फार आवडायचं. वहीच्या मागच्या पानावर मी ती घोटून घोटून बसवली होती. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची की नाही, यावरून मैत्रिणीशी भांडलेसुद्धा होते. कोऱ्या चेकवर ती शेपूट झकास उठून दिसायची. मोठेबाबा म्हणायचे, "बेस सही आहे तुही." मी खूश व्हायची. रकमेची जागा रिकामी आहे, नावाची जागा रिकामी आहे, हे दिसायचं, पण ते भरणं माझं काम आहे असं वाटायचं नाही.

आणि गंमत बघा, मी तिरोड्याला बी.कॉम. शिकत होते. रेखांकित धनादेश म्हणजे काय, त्याचे फायदे लिहा, या प्रश्नाला मी आकृती काढून उत्तर लिहिलेलं. कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढल्या की पैसे रोख मिळत नाहीत, ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जमा होतात, हे मला तोंडपाठ होतं. पण पुस्तकातला तो धनादेश आणि मोठेबाबा पुढे सरकवायचे तो चेक, या दोघांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. एक मार्कांसाठी होता, दुसरा मोठेबाबांसाठी.

आता खरी गोष्ट सांगते. ती आमच्याकडे कुणी लपवतही नाही. ज्यांना पैशाची निकड असते ते खरेदी केंद्र सुरू व्हायची वाट बघत नाहीत, धान व्यापाऱ्याला पडेल भावात देऊन मोकळे होतात. व्यापारी ते धान दुसऱ्या कुणाच्या तरी सातबाऱ्यावर केंद्रात घालतो आणि सरकारी भाव घेतो. आमच्या सातबाऱ्यावर एका शेठजींचं धान जायचं, पैसे आमच्या खात्यात यायचे आणि सहीच्या कोऱ्या चेकवर रोख निघून त्यांना पोचायचे. "आमच्या नावावर शेठजीचं धान जाते," असं आई सहज सांगायची, घरची गाय गावच्या कळपात जाते म्हणावं तसं. त्या बदल्यात मोठेबाबांना पोत्यामागे काहीतरी मिळायचं आणि संक्रांतीला आईला एक साडी यायची. त्यातलीच एक मोरपंखी साडी मी कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला नेसले होते. सगळ्यांनी नावाजली होती.

एकदा शिष्यवृत्तीच्या कामाला बँकेत गेले, तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "खात्याला हा नंबर कुणाचा आहे?" नंबर मोठेबाबांचा होता. माझं डोकं तापलं. पैसे माझ्या खात्यात येतात आणि मोबाइल वाजतो दुसऱ्याचा! तिथल्या तिथे अर्ज भरला आणि माझा नंबर लावला. घरी मात्र काही बोलले नाही.

थोड्या दिवसांनी एसटीत उभी होते, तेव्हा मोबाइल वाजला. धानाचे पैसे जमा झाल्याचा मेसेज होता. एवढा मोठा आकडा मी फक्त गणिताच्या पुस्तकात पाहिला होता. आधी नुसता आनंद झाला. एक थांबा आधीच उतरले आणि पायी निघाले, कारण त्या आनंदात उभं राहवत नव्हतं. चालता चालता मी स्कूटी घेतली, स्वयंपाकघरात फरशी बसवली, आईचे कान सोन्याने भरले. मग आमचं शेत आलं. धान कापून उरलेली धसकटं, बांध, कोपऱ्यातलं मोहाचं झाड. एवढ्याशा तुकड्यात एवढं धान? कुणी विचारलंच, बाई, हे कुठे पिकलं, तर ते ना शेठजींना विचारणार, ना मोठेबाबांना. सातबारा माझा, खातं माझं आणि खाली शेपटीवाली सहीही माझीच. घरापर्यंतचा उरलेला रस्ता मी जवळजवळ पळतच गेले.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "आजवर काई झालं का? मंग काऊन डोक्सं फिरवून राहिली?"

"झालं नाही, पण होऊ शकते ना."

"अन् तुहे मोठेबाबा रुसले त वावर कोन करन?"

आमच्याकडे ना बैल, ना ट्रॅक्टर, ना चिखलात उतरणारा माणूस. उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, तयार होत आले होते आणि आता पाणी सुटलं की रोवणा, म्हणजे लावणी. मोठेबाबांनी पाठ फिरवली असती तर शेत पडीक राहिलं असतं. सहीचं जे काही होईल ते माझं, पण शेत गेलं तर उपाशी दोघी. मी अंगणातून परसात आणि परसातून अंगणात फेऱ्या मारत राहिले. शेवटी आई वैतागून म्हणाली, एका जागी बस नाहीतर झाडणी तरी घे हातात.

मोठेबाबा आले ते बँकेतून विचारपूस करूनच. "नंबर तू बदलला?"

"होय."

"सांगाचं त होतं."

"तुमी तुमचा टाकला तवा कुठं सांगतलं होतं?"

आईने दारातून डोळे वटारले. मोठेबाबा आत आले. खाटेवर बसले, चेकबुक उघडलं, पेन ठेवलं. यात आपलं धान किती आणि शेठजींचं किती, असं मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. मी आमच्या शेताचे पैसे बाजूला धरले. मग पेन उचललं. काय करायचं ते मी ठरवलं नव्हतं, पण हात आपोआप चेकच्या कोपऱ्यात गेला. दोन तिरप्या रेघा ओढल्या. शेठजींचं पूर्ण नाव घातलं, रक्कम आकड्यात आणि अक्षरी लिहिली आणि खाली सही केली.

"ह्या रेघा कायच्या?"

"पैसे शेठजींच्या खात्यातच जातीन. हातात नाई भेटनार."

मोठेबाबांनी चेक उलटसुलट करून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाले, "तू आमाले चोर समजून राहिली का?"

ते माझ्या वर्मी लागलं. बाबा गेल्यावर ज्यांनी आमच्या घरात तांदूळ कमी पडू दिला नाही, ज्यांनी मला सायकल शिकवली, त्या माणसाने मला हे विचारावं. तरी मी म्हटलं, "तुमाले चोर नाई समजत, मोठेबाबा. पन उद्या लोक मले समजतीन."

ते चेक घेऊन गेले. रागाच्या भरात चेकबुक खाटेवरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी शेठजी मोटारसायकलवरून स्वतः आले. गोंदियाचे आहेत, अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलतात. गोड हसले. "बेटा, ये लाइनवाला चेक कायले दिला? सादा दे दे ना."

"बँकेत टाका, जमा होईल."

"अरे, मेरे खाते में इतना पैसा दिखेगा तो दस लोग पूछेंगे."

"मग माझ्या खात्यात दिसलं ते चालते?"

शेठजी पुन्हा हसले. लडकी वकील बनेगी, असं आईकडे बघून म्हणाले, चेक खाटेवर ठेवला, चहा अर्धा टाकला आणि निघून गेले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. ते पैसे माझे नव्हते, मला ते नकोही होते, पण ते माझ्या खात्यात बसून होते आणि मी दिवसातून कितीदा तरी मोबाइल उघडून बघायची. मोठेबाबा फिरकेनात. कालव्याला पाणी सुटलं. शेजारच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखलणी सुरू झाली, बाया रोवायला वाकल्या आणि आमचं वावर तसंच कोरडं. आई बोलत नव्हती. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला मोठेबाबांचा राग येत होता, शेठजींचा येत होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

एका सकाळी मी हरले. चेकबुक काढलं आणि साधा, बिनरेघांचा चेक लिहायला घेतला. आई समोर तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"रेघा नाई मारत?"

"नाही. जाऊ दे. वावर पडलं आहे आपलं."

"वावराचं पाहू. तू शेठजीले इचारलं होतं, माह्या खात्यात चालते का म्हनून. त्यानं जवाब नाई देल्ला. हासला निसता."

मला वाटलं होतं, त्या दिवशी आईचं लक्ष फक्त चहाकडे होतं. मी तो चेक फाडून टाकला.

शेवटी अडला हरी, तसे शेठजीच परत आले. माझ्या खात्यात नको, एका खताच्या दुकानाच्या नावाने चेक दे म्हणाले. दिला, रेघांसकट. जाताना त्यांनी ऐकवलं की सातबारे बहुत पडे हैं. पडे असतील, पण त्यात आता आमचा नव्हता. मोबाइल वाजला आणि तो मोठा आकडा माझ्या खात्यातून गेला, त्या दुपारी मी किती तरी दिवसांनी झोपले. त्या वर्षी साडी आली नाही.

मोठेबाबांचा ट्रॅक्टर उशिरा का होईना, पण आला. रुसवा घरी ठेवता येतो, पऱ्हे थांबत नाहीत आणि निम्मं पीक त्यांचंही होतंच. आमच्या घराकडे न बघता त्यांनी चिखलणी केली. रोवणा झाला त्या संध्याकाळी आई त्यांच्या घरी वडा-भाताचा डबा घेऊन गेली. मला चल म्हणाली नाही. मी दारात उभी, मग फाटकात, मग रस्त्यावर. काय बोलणं चाललं असेल, पुन्हा माझ्यामुळे काही बिघडलं तर, असं मनात घोळत होतं.

ती आली तेव्हा डबा रिकामा होता आणि पिशवीत चेकबुक होतं. तिचं.

"मांगतलं. देल्लं त्याईनं," ती म्हणाली. मग आपला बटणांचा जुना मोबाइल पदराला पुसून माझ्या हातात दिला. "उद्या बँकेत जाऊ. माह्या खात्याले हा नंबर लावून दे."

माझं चेकबुक, माझा नंबर, माझी सही, एवढंच मी इतके दिवस घोकत बसले होते. सातबाऱ्यावर माझ्या वर तिचं नाव आहे आणि तीही दर उन्हाळ्यात कोऱ्या चेकवर सही करत आली आहे, हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. आणि तरी मी नको तेच बोलले.

"आई, मेसेज इंग्रजीत येते. तुले वाचता नाई येनार."

"नाई आला वाचता त नाई," आई म्हणाली. "वाजला त पायजे."