काटेबाईचा शिक्का

काटेबाईला माणसांची किळस यायची, आणि ती ते लपवायच्या भानगडीत कधी पडली नाही. समोरचा शिंकला की ती दोन पावलं मागे सरायची. बोट थुंकीनं ओलं करून कागद उलटणाऱ्याचा कागद ती कोपऱ्याला चिमटीत धरून घ्यायची आणि नंतर चिमूट रुमालाला पुसायची. गल्लीत तिला मागून 'नाकमुरडी' म्हणत. तोंडावर मात्र सगळे काटेबाईच म्हणत, कारण गावच्या जुन्या धान्यबाजारात सव्वीस वर्षं मोठा काटा तिच्या हातात होता.

तिथे तिनं काय काय नाही पाहिलं! पोत्यावर पाणी शिंपडून वजन वाढवणारे, तळाशी खडे भरणारे, काट्याच्या फळीवर हळूच पाय टेकवून आभाळाकडे बघणारे. ओलं पोतं तिला नुसता तळहात लावला की कळायचं. मग ती हात पुसायची आणि अख्ख्या बाजारासमोर त्या माणसाची अशी बिनपाण्यानं हजामत करायची, की पुढच्या हंगामात तो दुसरं गाव गाठायचा. तिच्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्मायचाय, असं लोक म्हणत. खोटं कशाला बोला, तिलाही तसंच वाटायचं.

पुढे धान्य परस्पर गोदामांत जायला लागलं आणि बाजार ओस पडला. दगडी कमानी, लांबलचक ओटा आणि काटाघर एवढंच उरलं. काटेबाई तिथली देखभाल करत बसायची. अशात शहरातल्या एका सायकल मंडळानं सात जुनी बाजारगावं जोडणारा मार्ग आखला. कालव्याच्या काठानं, फळबागांमधून, दोन टेकड्या चढून-उतरून. प्रत्येक सायकलवाल्याकडे एक कार्ड, आणि प्रत्येक गावात एक शिक्का. एका हंगामात सातही शिक्के मिळाले, की त्या माणसाचं नाव मंडळाच्या पितळी पाटीवर कोरलं जायचं. या गावचा शिक्का साहजिकच काटाघरात आला.

सायकलवरून आलेल्यालाच शिक्का द्यायचा, हा मंडळाचा एकच नियम होता. माणूस खरंच सायकलवरून आला की सायकल गाडीच्या टपावर बांधून आला, हे ओळखायचं कसं, ते काही मंडळाला सुचलं नव्हतं. काटेबाईला पहिल्याच आठवड्यात सुचलं. कुठूनही या, गावात शिरताना कालव्याकाठची कच्ची वाट चुकत नाही. ती तुडवून आलेल्याच्या पोटऱ्यांवर माती असणारच. म्हणून ती कार्डाकडे बघायचीच नाही. "पाय," एवढंच म्हणायची. पाय स्वच्छ असले की शिक्का नाही, वर चार शब्द ऐकवणं आलंच.

पण त्या मळक्या पायांची तरी तिला काय कमी किळस होती? नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चिखलाचे ठसे, घामट बगलांचा वास, चेनचं वंगण लागलेले हात थेट तिच्या टेबलावर. दार लावलं की ती रोज फिनेल टाकून फरशी घासायची आणि घासता घासता भाचीपाशी कुरकुरायची. भाची शाळेत चित्रकला शिकवायची आणि मावशीजवळच राहायची.

"बाहेर नळ आहे ना? मग पाय धुऊन यायला काय होतं मेल्यांना? एक पाटी तरी रंगवून दे मला."

"देते गं मावशी," भाची म्हणायची. असं महिनाभर चाललं होतं.

हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचला शिक्का कपाटात जाणार होता, तो थेट पुढच्या वर्षी बाहेर निघायचा. आदल्या दिवशी कालव्याला पाणी सोडलेलं, त्यामुळे वाटेवर नुसता राडा. साडेचारच्या सुमारास अकरा जणांचा घोळका आत घुसला. सगळ्यांचे एकसारखे भडक पिवळे शर्ट, गुडघ्यापर्यंत थबथबता चिखल आणि बाजार डोक्यावर घेणारा आवाज. एकानं तर चिखलाचा पाय ओट्यावर टेकवला. काटेबाईला ओकारी यायची बाकी राहिली. नाकाला रुमाल लावून तिनं अकरा जणांचे पाय तपासले आणि अकरा शिक्के मारले.

त्यांच्या मागे एक साठी उलटलेला माणूस शांतपणे उभा होता. घोळक्यानं त्याला सरळ मागे ढकललं होतं, तरी त्यानं तक्रार केली नव्हती.

"पाय," काटेबाई म्हणाली.

त्यानं पँट थोडी वर उचलली. पोटऱ्या पांढऱ्याफेक. मोजे कोरडे. पँटच्या कडेला वंगणाचा ठिपका नाही, उलट घडी अजून शाबूत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणत्या गाडीतून उतरलात?"

"सायकल बाहेर आहे, बाई. मी इथून दोन गावं पलीकडचा शिंपी. पिशवीत इस्त्रीची पँट ठेवतोच मी, म्हणून हिला डाग नाही. आणि पायाचं म्हणाल तर मी नळावर..."

"सायकल काय, गाडीच्या टपावरही बसून येते. इस्त्रीची पँट म्हणे!"

"सहा शिक्के झालेत," तो कार्ड पुढे करत म्हणाला. "हा सातवा. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यानंतर सायकल विसरायची. नाहीतर पुढच्या वर्षी आलो असतो."

"आता गुडघा पुढे करताय? या वयात? शिसारी येते मला तुमच्यासारख्यांची. सव्वीस वर्षं ओली पोती पकडलीत मी. निघा."

अकरा जण खो खो हसले. "काका, पुढच्या वेळी थोडा चिखल लावून या!" त्यातला एक ओरडला.

शिंप्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यानं कार्ड मधोमध न दुमडता जपून खिशात ठेवलं, आणि तो बाहेर पडला. काटेबाईनं हात पुसले. हंगामाचा शेवट एक लबाड पकडून झाला, याचं तिला बरं वाटलं.

पाच वाजता ती कुलूप लावत होती, तेवढ्यात भाची आली.

"मावशी, पाटी पाहिलीस? दुपारीच लावली. तू जेवायला गेली होतीस तेव्हा."

नळ इमारतीच्या बाजूला होता. तिथे भिंतीवर निळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'कृपया पाय धुऊनच आत यावे.' खाली साबणाची वडीसुद्धा ठेवलेली. आणि नळाखालचा चिखल असा तुडवलेला, की जनावरं बसून गेली असावीत. त्या चिखलापर्यंत एका मोठ्या गाडीच्या चाकांचे ठसे आले होते.

"पाटी कुणी वाचली तर ना!" भाची म्हणाली. "मी साबण ठेवायला आले होते, तेव्हाच ते पिवळे शर्टवाले गाडीतून उतरले, टपावरून सायकली काढल्या आणि इथला चिखल ओंजळीनं पायांना फासायला लागले. मी विचारलं, तर म्हणतात, आत बाईंना दाखवायचाय. मला वाटलं, असेल काहीतरी तुझा नियम. शिक्के मारताना मध्ये बोललेलं तुला खपत नाही, म्हणून आत आले नाही."

काटेबाई वाकून चाकांचे ठसे बघायला लागली.

"एक म्हातारे काका तेवढे पाटी वाचून थांबले. मांड्यांपर्यंत चिखल होता गं त्यांच्या! वाटेत दोनदा पडले म्हणे. सगळं धुतलं, मोजे बदलले, पँटसुद्धा पिशवीतली दुसरी घातली. माझ्याकडे पुसायला फडकं मागितलं. म्हणाले, बाईंची फरशी खराब व्हायला नको."

काटेबाईला पुन्हा किळस आली. शिंकणाऱ्याची, थुंकी लावणाऱ्याची, घामट बगलांची किळस तिच्या ओळखीची होती. ही तिची स्वतःची होती, आणि ती पुसायची कशानं, ते तिला कळेना. ती धावत आत गेली आणि शिक्का नि शाईची डबी घेऊन आली.

"सायकल काढ."

"तू बसणार? कॅरिअरवर?"

"काढ म्हटलं ना!"

वंगणाच्या धाकानं जिनं जन्मात सायकलला हात लावला नव्हता, ती भाचीची कंबर धरून कालव्याच्या वाटेनं निघाली. मागचं चाक तिच्या पाठीवर चिखल उडवत होतं. एका वळणावर दोघी घसरल्या आणि ती कोपरापर्यंत राड्यात गेली, तरी उठून पुन्हा बसली. कालव्याच्या दरवाजाजवळ शिंपी दिसला. गुडघा दुखत असावा, कारण तो सायकल हातात धरून लंगडत चालला होता.

"थांबा!" काटेबाई उतरली. तिला धाप लागली होती. "चूक माझी झाली. पाटी मीच मागितली होती, आणि... द्या, कार्ड द्या. शिक्का आणलाय."

तो थांबला. तिचे चिखलानं माखलेले हात आणि त्यातला शिक्का त्यानं पाहिला. त्याचा हात खिशाकडे गेला, आणि तिथेच थबकला.

"नळावर चिखल फासणाऱ्या त्या अकरा जणांच्या कार्डावर हाच आहे ना?"

तिनं मान डोलावली.

"मग राहू द्या, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तिनं शिक्का आणखी पुढे केला, तसा तो दोन पावलं मागे सरला.