फाटकाबाहेरची हाक

दिवाळी सरली की ढोबळे काका रोज संध्याकाळी हिंदी मुलखातल्या आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून ओरडायचे, "बत्ती! बत्ती जलाओ, भैया!" हे थेट संक्रांतीपर्यंत चाले.

त्याला कारण होते. पास दाखवताना पहारेकऱ्याचे डोळे दिपू नयेत म्हणून फाटकावर प्रत्येकाला गाडीचा दिवा बंद करावा लागे. सहाचा भोंगा उन्हाळ्यात लख्ख उन्हात वाजायचा, थंडीत तिन्हीसांजेला. पुढे टाउनशिपच्या रस्त्यावर खांबांचा उजेड, त्यामुळे बंद केलेला दिवा पुन्हा लावायचे कुणाच्या ध्यानातच येत नसे. कारखान्याची भिंत संपली की सोनागिरी वस्तीच्या वळणावर एकदम काळोख.

काका मूळचे वर्ध्याकडचे, आमच्या वाहन विभागात इलेक्ट्रिशियन. मी घराण्यातला पहिला पदवीधर, पण नोकरीवर रुजू झालो तेव्हा मला स्कूटरही चालवता येत नव्हती. काकांनी सुट्टीच्या दिवशी मैदानावर मागे धावत धावत शिकवली. म्हणाले, "बावा, तुले रस्ता दिसते, हे खरं. पण समोरच्याले तू दिसतं काय? ते पाह्य आधी."

लोक चेष्टा करत. "काका, बत्ती का ठेका मिला है क्या?"

"हाँ भैया, मुफ़्त का ठेका है. जला लो."

पुढे मी अधिकारी झालो. त्या हिवाळ्यात फाटकाशी गर्दी तुंबते अशी तक्रार आली. साहेब मला म्हणाले, "ते तुमचेच काका ना? समजवा त्यांना." नात्यातले नसूनही सगळे माझ्याजवळ त्यांना 'तुमचे काका' म्हणत आणि मला त्याची लाज वाटू लागली होती. हे आज कबूल करतो.

"काका, फाटकावर उभे राहू नका. लोक हसतात."

त्यांनी विचारले, "तुले तरास होते काय?"

मी घड्याळात पाहिले.

"बरं बावा. फाटकावर नाही उभा राहत."

शब्द त्यांनी पाळला. ते वळणावर जाऊन उभे राहू लागले, खांबांचा उजेड संपतो तिथे. अंगात तपकिरी स्वेटर. तिसऱ्या संध्याकाळी त्यांच्याच विभागातला एक जण दिवा न लावता वळला. मी पोचलो तेव्हा तो रस्त्यावर बसून रडत होता. "दिसलेच नाहीत हो, साहेब. हाक ऐकली, पण दिसलेच नाहीत." काकांची एक चप्पल भिंतीपाशी पडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले.

दोन दिवसांनी मी कामावर गेलो. सहाला भोंगा झाला. पहारेकरी म्हणाला, "लाइट बंद, साहब." मी बंद केला, पास दाखवला, बाहेर येऊन लावला आणि फाटकाबाहेर काकांच्या जुन्या जागी थांबलो. मागून गाड्या येत होत्या, एकामागून एक, सगळ्या अंधाऱ्या. ओरडायला मी तोंड उघडले. लोक हसतील असे वाटले, आणि मिटले.