उरलेलं कोण खाणार?

पोट लहान करायच्या ऑपरेशनला चार महिने झाले, पण किस्से इतके जमलेत की तीर्थपुरीच्या बाजारात कुणीही भेटलं की, "सांग की गं एखादा!" मीबी सांगते, हसते. मंग घरी येऊन छातीवर हात ठेवून बघते, ठोके बराबर हायेत का. माझी आई अडतिसाव्या वर्षी हार्टनं गेली. मी एकतीसची, ऑपरेशनआधी वजन एकशे दहा किलो, वरून बीपी.

ऑपरेशनआधी दवाखान्यात गेले, तर पहिल्याच दिवशी डॉक्टर मॅडमनी विचारलं, "रोज काय खाता?"

मी म्हणलं, "उरलेलं."

त्यांनी पेन खाली ठेवला. "म्हणजे?"

"सगळ्यांच्या मागून. लेकीच्या ताटातलं, ह्यांच्या ताटातलं, पातेल्यातलं. टाकायचं कसं मॅडम?"

*

ऑपरेशन झाल्यावर जाऊबाई डबा घेऊन आल्या. पुरणपोळ्या! म्हणल्या, "चारच हायेत. पोट लहान केलंय ना, म्हणून पाचवी न्हाई घातली!"

*

थोडंथोडं, सहा वेळा खायचं, असं मॅडमनी लिहून दिलेलं. सकाळी वाटीभर वरण घेऊन बसले, तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, शेजारणीला सांगू लागल्या, "जेवण कमी करायला पोट कापलं, अन् आता घरात सगळ्यांच्या आधी जेवती!"

*

एकदा अर्धी भाकर ताटात राहिली. आत्याबाई म्हणल्या, "आपल्यात अन्न टाकत न्हाईत." मला रडूच फुटलं. "आत्याबाई, मी उरलेलं खाल्लं तर मरन हो!" माझी पाच वर्षांची लेक स्वरा तिथंच खेळत होती.

*

तपासणीला गेल्तो. मॅडम म्हणल्या, "वजन छान उतरलं. हार्टचा धोका कमी झालाय, संपला न्हाई. गोळ्या सोडू नका." बाहेर येताच ह्यांनी गावाकडं फोन लावला, "बिलकुल बरी झाली!" मला मात्र "संपला न्हाई" एवढंच ऐकू आल्तं.

*

परवा जेवणं झाली. ताटं गोळा करायला गेले, तर सगळी चाटूनपुसून साफ! स्वरा कोपऱ्यात बसून पप्पाच्या ताटातला भात तोंडात कोंबत होती. पोट टम्म, डोळ्यांत पाणी.

"अगं बस कर, उलटी होईल!"

"थांब ना. आज्जी म्हणती टाकायचं न्हाई. तू खाल्लं तर मरशील. मंग मीच खाते."

घास गिळला अन् म्हणली, "आई, पातेल्यात अजून हाय का?"