पाहुणीवर पहारा

सांगलीच्या शालनताईंचा सहसा कुणावर विश्वास बसत नसे. नवरा हळदीचा व्यापारी. तो गेल्यावर मार्केट यार्डात त्या स्वतः जाऊ लागल्या, आणि पोत्याच्या तळाशी हात घातल्याशिवाय त्यांनी कधी सौदा केला नाही. त्यामुळं मुलानं, सन्मतीनं, गावात आफ्रिकी सिनेमांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतोय, सगळ्यांना फुकट, असं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, फुकट दाखवून शेवटी विकणार काय? सन्मती त्या महोत्सवाच्या कामात होता. सेनेगलची एक दिग्दर्शिका आपल्याकडं उतरणार, हे त्यानं मग हळूच सांगितलं.

ती दिग्दर्शिका, आमिनाता, आली ती मोठी बॅग घेऊन, आणि बॅगेला कुलूप. शेजारणीनं आपलं दार लोटून घेतलेलं शालनताईंना दिसलं. त्यांनाही चांदीची भांडी कपाटात टाकावीशी वाटली, आणि त्यांनी ती टाकली. खरी धास्ती वेगळीच होती. घर जैनाचं, कांदा-बटाटासुद्धा उंबऱ्याआत येत नाही. बॅगेत सुकी मासळी असली तर?

सकाळी त्यांनी पोहे केले. पाहुणीनं हात जोडले, हसली, पण पोह्यांना शिवली नाही. दुपारी घरी आली तेव्हा पाणीसुद्धा घेतलं नाही. सूर्य मावळायच्या आत घरातली जेवणं उरकत, तेव्हा ही महोत्सवाच्या हॉलवर असे. सन्मती म्हणाला, तिथं ती जेवत नाही, घरीच जेवते असं आम्हाला वाटतंय. आमच्या हातचं खायला कमीपणा वाटत असणार, असं शालनताईंनी ठरवून टाकलं. वर पहाटे खोलीतून नळाचा आणि पिशवीचा आवाज येई. दिवसा उपाशी राहणारं माणूस अंधारात काय खातंय?

तिसऱ्या पहाटे त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दार अर्धवट उघडं होतं. मोबाईलच्या उजेडात आमिनाता जमिनीवर बसून खजूर खात होती. वरून तांब्याभर पाणी प्याली, चटई अंथरली आणि नमाजाला उभी राहिली.

शालनताईंनी सन्मतीला उठवलं. "आरं, तिचं रोजं हायती. तुमा शिकलेल्यांस्नी एवढं विचारता येत न्हाई?"

सन्मतीनं तिला इंग्रजीत विचारलं. ती ओशाळली. तुमच्याकडं रात्री चूल पेटत नाही हे तिनं ऐकलं होतं. उगीच कुणाला त्रास नको म्हणून बोलली नाही; संध्याकाळी हॉलवरही खजुरावरच रोजा सोडत होती. आठ-आठ दिवस पाण्यावर राहणारी माणसं शालनताईंच्या नात्यात होती. उपासाचं त्यांना अप्रूप नव्हतं, पण उपास सोडायला नुसता खजूर, तोही आपल्या पाहुणीला, हे त्यांना झोंबलं.

त्या दिवशी त्यांनी पाहुणीला संध्याकाळी घरी बोलावलं. आपण जेवून घेतलं, भांडी घासली, आणि भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी ताटात वाढून वर ताट झाकून ठेवलं. रात्री वाढल्याचा दोष लागेल का, हा विचार मनात आलाच. पण वाढलं तर उजेडीच होतं. सूर्य बुडाला. आमिनातानं झाकण काढलं. ती जेवत असताना शालनताई समोर बसून राहिल्या, अर्ध्या मायेनं आणि अर्ध्या ती काय टाकते ते बघायला. तिनं काहीच टाकलं नाही.

महोत्सवाच्या शेवटच्या दुपारी तिचा सिनेमा होता. शालनताई गेल्या. समुद्रकाठी मासळी सुकवणाऱ्या बायकांची गोष्ट. मासळी दिसली की शालनताई नाकाला पदर लावत, पण उठल्या नाहीत. एक म्हातारी दलालाचा तराजू धरून भांडत होती, तिथं तर त्या पुढं सरकून बसल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी सन्मतीला विचारायला लावलं, फुकट दाखवून हिला मिळतं काय?

आमिनाता इंग्रजीत काहीतरी बोलली. मग सन्मतीनं मराठीत सांगितलं, "आई, बघणारी माणसं मिळतात, तेवढंच म्हणे. त्यांच्या गावातलं थेटर बंद पडलंय. सिनेमात तराजू धरून भांडणाऱ्या त्या म्हाताऱ्या त्यांच्या आई. त्या आईंनीच हा सिनेमा अजून बघितलेला न्हाई."

शालनताई पुढं झाल्या. त्यांनी आमिनाताचा हात धरला आणि रिक्षापर्यंत सोडलाच नाही.

ती गेल्यावर त्यांनी खोली आवरली. गादी उचलून पाहिली, कपाट उघडून पाहिलं. तेवढी सवय गेली नाही. मग सन्मतीला म्हणाल्या, "फुडल्या वर्षी कुणी आलं तर हितंच आण. फकस्त ते कवा जेवतंय, ते आधी विचार."