तीन ठिपके दिसणारा कॅमेरा

हुमनाबादच्या बसस्टँडवर मी माझ्या सख्ख्या मावशीच्या समोरून सरळ पुढे निघून गेले. पुण्याहून रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून सकाळी उतरले होते. रसवंतीपाशी एक वाळकी, वाकलेली म्हातारी पिशवी पोटाशी धरून उभी होती. तिला ओलांडून मी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि इंदूमावशी अजून कशी आली नाही म्हणून चरफडत बसले. तेवढ्यात पाठीत बुक्की बसली.

“कामून (का) गं, डोळे फुटले का तुझे? कवाची हात करायले मी.”

मी वळले आणि हबकलेच. गेली काही वर्षं ही बाई मला दर आठवड्याला मोबाईलवर दिसत होती. तुकतुकीत गाल, उजळ रंग. मावशी, तुझं वय काही वाढत नाही गं, असं मी कौतुकही करायचे. आणि आता समोरच्या चेहऱ्यावर आणखी एका सुरकुतीला जागा उरली नव्हती. हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके होते. ते मोबाईलवर कधी पाहिल्याचं मला आठवेना. मी वाकून नमस्कार केला.

मी आले होते ती आईसाठी. आईच्या डोक्यातून हल्ली सगळं निसटत चाललं आहे. माझं नाव सापडायलाही तिला वेळ लागतो. धाकटी बहीण मात्र पक्की लक्षात आहे. लहानपणी दारात गोंदणारीण आली, आई एका ठिपक्यातच बोंब ठोकून पळाली आणि इंदीने मात्र तीन ठिपके मुकाट्याने गोंदवून घेतले, ही गोष्ट ती आम्हाला रोज ऐकवते. पण मावशीला व्हिडिओ कॉल लावून दिला की मोबाईल ढकलून देते. ही इंदी नाहीच म्हणते. मागच्या महिन्यात तर कहर झाला. “इंदी मेली हाय,” ती म्हणाली. “कोन्ती तरी बाई दावून तुम्ही माझ्यापासून लपवायलाव.” त्या दिवशी तिने अन्नाला हात लावला नाही, आणि त्यानंतर रोज तेच. मावशीला पुण्याला आणावं तर तिचे यजमान, आमचे काका, अंथरुणाला खिळलेले. आईला बसमध्ये चढवलं तर ती घाबरून रडते. शेवटी मीच निघाले. जाऊन नक्की काय करायचं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मावशीच्या गावची, दुबलगुंडीची जीप भरेपर्यंत आम्ही दोघी एका सीटवर चेपून बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं, पिवळ्या फुलांवर आलेली तूर, मध्येच ऊस. घरी पोचताच सुनेने सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट प्रकार) पुढे ठेवला आणि वर शेंगांची चटणी. मी तो खाता खाता मावशीच्या मुलाला, बालाजीला, तिचा फोटो काढायला सांगितलं. फोटो पाहिला आणि घास हातातच राहिला. ठिपके नव्हते. सुरकुत्याही नव्हत्या. मोबाईलने मावशीला खरवडून, पुसून साफ करून ठेवली होती.

माझ्या मोबाईलवरही तेच. आम्ही दोघांनी मिळून जेवढी म्हणून बटणं सापडली तेवढी बंद केली, तरी हनुवटी गुळगुळीतच. म्हणजे आई इतके दिवस खरं बोलत होती, आणि आम्ही सगळे शहाणे तिलाच वेड्यात काढत होतो. माझी मलाच इतकी शरम वाटली की काय सांगू. त्याच ताटावर ठरवलं, साधा छोटा कॅमेरा घ्यायचा. ज्यात ठिपके दिसतील तोच. बालाजी म्हणाला, तसली दुकानं बिदरला.

दुसऱ्या दिवशी काकांना सुनेवर सोपवून मावशी माझ्याबरोबर निघाली. तिने ठेवणीतलं इरकल काढलं होतं. हळीखेडच्या पुढे माती हळूहळू तांबडी होत गेली आणि बिदरच्या वेशीवरचं नौबाद आलं तेव्हा मावशीने पदर सारखा करून मला विचारलं, फोटो चेहऱ्याचाच काढणार की लुगड्याचापण. मी म्हटलं, दोन्ही.

दुकानात शिरल्यावर दुसरा धक्का. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल, तेव्हा हे छोटे कॅमेरे कुणी फुकटातही नेत नसेल, असा माझा समज. किंमत ऐकून डोळे पांढरे झाले. दुकानदार हसला. कॉलेजच्या मुली म्हणे जुनेच मॉडेल मागतात, फोटो जुनाट आले पाहिजेत म्हणून. माझ्या लग्नाच्या फोटोंत सगळ्यांचे डोळे लाल आले तेव्हा आम्ही फोटोग्राफरशी भांडलो होतो, आणि इथे पोरी तसल्या फोटोंसाठी रांगा लावतात.

त्याने आधी सगळ्यात नवा आणि महागडा काढला. मावशी स्टुलावर ताठ बसली, फोटो निघाला आणि पडद्यावर एक गोरीपान नवरी उगवली.

“ही कोण भवानी?” मावशीने विचारलं.

म्हणजे हे खूळ कॅमेऱ्यातही शिरलं होतं. मी सांगितलं, हे नको, चेहरा आहे तसा पाहिजे, हनुवटीवरचे ठिपके दिसले पाहिजेत. आता धक्का बसायची पाळी दुकानदाराची होती. “अम्मा, सारे लोगां दाग निकालो बोलते, तुम दाग दिखाओ बोल रईं,” तो म्हणाला.

“दाग नई रे बाबा, गोंदण है,” मावशी म्हणाली. “मेरी अक्का (थोरली बहीण) इसीसे पैचानती मेरे को.”

मग तो कॅमेऱ्यामागून कॅमेरे काढू लागला. एकात तीन ठिपक्यांचा मिळून एक हिरवट डाग आला. एकात हनुवटी काळी पडली. एकाचा झूम मध्येच अडकला. मावशी प्रत्येक वेळी तितक्याच आशेने पडद्यावर वाकायची आणि मान हलवायची. शेवटी त्याने कोपरे घासलेला एक जुना चंदेरी कॅमेरा आणला. त्यातही जवळून सगळं धूसरच. मी तर आशा सोडली होती. मग त्याने फुलाचं चित्र असलेलं बटण दाबलं, जवळच्या वस्तूंसाठी असतं म्हणे ते, आणि कॅमेरा पुन्हा मावशीच्या हनुवटीसमोर धरला.

एक, दोन, तीन. मावशीने बोट ठेवून मोजले आणि दुकानदार पुढचा दाखवायला लागला तर “साकु, साकु” (पुरे, पुरे) म्हणून त्याचा हात धरला. घासाघीस तिने कानडीतच केली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण हसत दोघेही होते.

बाहेर एका लाल दगडी भिंतीसमोर तिला उभी केली. हनुवटी जवळून काढली, चेहरा काढला, लुगड्यासकट उभीही काढली. दाखवायला गेले तर म्हणाली, मला काय करायचंय, तिला दाव. मग वाटेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. ह्याच कॅमेऱ्यात अक्काचाही फोटो काढ आणि बालाजीकडे पाठव. मोबाईलवर अक्का छान दिसते, पण मला खरी बघायचीय.

पुण्याला पोचले तेव्हा आई खिडकीत बसली होती. मी चप्पलसुद्धा न काढता तिच्यासमोर कॅमेरा धरला. आधी नुसती हनुवटी दाखवली. तिने पडद्यावर बोट टेकवलं आणि मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन.

“इंदीच हाय,” ती म्हणाली. “जित्ती हाय माझी इंदी.”

किती दिवसांनी ती हसली. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या भरात मी पुढचा फोटो लावला, पूर्ण चेहऱ्याचा.

आईचं हसू तिथेच थांबलं. हुमनाबादच्या स्टँडवर माझा जो चेहरा झाला असेल, तो मला आता समोर दिसत होता.

“ही एवढी म्हातारी कामून झाली?” तिने विचारलं. मग माझ्याकडे वळली. “इंदी तर माझ्यापेक्षा लहान हाय. मग मी केवढी झाले गं?”

काहीही न लपवणारा कॅमेरा मी दुकानात हट्टाने शोधला होता, पण आईच्या मनातली इंदी अजून परकरातली असेल, आणि आई स्वतःही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तरी त्या दिवशी ती पोटभर जेवली. इंदी मेली, असं त्यानंतर एकदाही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलं ऊन खिडकीत आल्यावर मला मावशीचा निरोप आठवला. तुझा फोटो इंदीला पाठवायचाय, असं सांगून मी कॅमेरा उचलला, तर आईने पदर ओढून तोंड झाकून घेतलं.

“माझा नको काढूस,” ती पदराआडून म्हणाली. “इंदी भिईल.”